व्यसन, गुन्हा आणि वैद्य : द्रोणागिरी परिसराच्या संदर्भात जनपदीय विचार

प्रस्तावना

सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांच्या विशेष पथकाने न्हावा शेवा बंदरातील एक कंटेनर ताब्यात घेतला. त्यात वीस टनांहून अधिक ज्येष्ठमधाचा साठा होता. तपासणीत या ज्येष्ठमधाच्या कांड्यांवर हेरॉइनचा लेप दिलेला आढळला. या हेरॉइनचे वजन सुमारे ३४५ किलो आणि किंमत सुमारे १,७२५ कोटी रुपये असल्याचे पोलिसांनी जाहीर केले. तत्पूर्वी ऑगस्ट २०२० मध्ये याच बंदरात १९१ किलो हेरॉइन पकडले गेले होते. बांबूसारख्या रंगविलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये ते दडविलेले होते आणि तो माल आयुर्वेदीय औषधाचा असल्याचे भासविण्यात आले होते.

या दोन्ही घटना वृत्तपत्रांत आल्या आणि यथावकाश विस्मरणात गेल्या. आयुर्वेदीय व्यावसायिकांनी मात्र त्या विसरणे योग्य होणार नाही, असे आम्हांस वाटते. एक तर हे बंदर आणि त्याला लागून असलेले द्रोणागिरी हे आपल्या सभासदांपैकी अनेकांचे कार्यक्षेत्र आहे. दुसरे असे की, तस्करांनी आडोसा म्हणून जे द्रव्य निवडले, ते आपल्या रोजच्या वापरातील आहे. कासापासून अम्लपित्तापर्यंत ज्याची योजना आपण करतो, तेच यष्टिमधु विषाचे वाहन ठरले. आपल्या शास्त्रावरील जनतेचा विश्वास हाच येथे चोरांनी भांडवल म्हणून वापरला.

बंदरावर माल पकडणे हे सीमाशुल्क विभाग व पोलीस यांचे काम आहे आणि ते त्यांनी केले. परंतु पकडला गेलेला माल ज्या मागणीसाठी येत होता, ती मागणी समाजात तशीच राहते. मागणी कमी करणे हे पोलिसांचे नव्हे, तर आरोग्यसेवकाचे क्षेत्र आहे. या कामात वैद्य व औषधालयचालक यांचा वाटा कोणता, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्रीय आधार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचा विचार आला आहे. प्रकृती, आहार, बल, सात्म्य व वय भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी ग्रस्त होतात, असा तेथे अग्निवेशाचा प्रश्न आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात आणि त्यांच्या विकृतीने जनपद बाधित होते, हे आत्रेयांचे उत्तर आहे. या चारांच्या विकृतीचेही मूळ आत्रेय अधर्मात, म्हणजे अंतिमतः प्रज्ञापराधात दाखवितात आणि देश-नगरांच्या प्रमुखांच्या दोषाचा स्पष्ट निर्देश करतात. व्यक्तीचे वर्तन, भोवतालची परिस्थिती आणि शासकांची जबाबदारी या तिन्ही गोष्टी तेथे एकाच साखळीत बसविल्या आहेत.

आधुनिक सार्वजनिक आरोग्यशास्त्र रोगकारक, आश्रय आणि परिसर अशी त्रयी मानते. व्यसनाच्या बाबतीत रोगकारक म्हणजे मादक द्रव्य, आश्रय म्हणजे पुरुष आणि परिसर म्हणजे देश-काल. यांपैकी केवळ पुरुषाला दोष देऊन उपदेश केल्यास यश मर्यादित राहते. द्रव्य सहज मिळत असेल आणि परिसर अनुकूल असेल, तर उपदेश घेऊन घरी गेलेला रुग्ण पुन्हा त्याच वाटेला लागतो.

व्यक्तिगत स्तरावरील वर्णन चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात, मदात्ययचिकित्सेत, आढळते. मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध आहेत आणि मद्य ओजाला बाधा आणून मनाला विकृत करते, ही तेथील उपपत्ती आहे. मदाच्या क्रमिक अवस्था सांगताना आचार्यांनी विवेक हरपण्याची पायरी नेमकी दाखविली आहे. शारीरस्थानात धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशातून होणारे कर्म म्हणजे प्रज्ञापराध असे सांगितले आहे. व्यसनी मनुष्याला आपले अहित कळत असूनही तो स्वतःला आवरू शकत नाही, तेव्हा प्रामुख्याने धृतिभ्रंश झालेला असतो. ही अवस्था व्याधी म्हणून ओळखली की, तिच्याकडे तिरस्काराऐवजी चिकित्सकाच्या दृष्टीने पाहता येते.

देश-काल परीक्षण : द्रोणागिरी

चिकित्सेपूर्वी देशपरीक्षा आवश्यक, हा नियम जनपदालाही लागू आहे. द्रोणागिरी हा सिडकोने विकसित केलेल्या नवी मुंबईचा उरण तालुक्यातील विभाग. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर कार्यान्वित झाले आणि भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या या पट्ट्याचे स्वरूप पालटू लागले. बोकडवीरा, नवघर यांसारखी जुनी गावे आणि नव्या इमारतींची क्षेत्रे आज एकमेकांना खेटून उभी आहेत. भोवती कंटेनरची आगारे आणि गोदामे आहेत. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत उपनगरी रेल्वे पोहोचली व त्याच सुमारास शिवडी-न्हावा शेवा हा अटल सेतूही खुला झाला. त्यामुळे वस्ती व वर्दळ दोन्ही वाढत आहेत.

या देशाची व्यसनाच्या दृष्टीने काही वैशिष्ट्ये आम्हांस जाणवतात. येथे दूरदूरच्या प्रांतांतून आलेला ट्रेलरचालक व मदतनीस वर्ग आहे. तो कुटुंबापासून दूर असतो, रांगेत तासन्‌तास थांबतो आणि रात्री जागतो. जागरणासाठी तंबाखू, झोपेसाठी दारू आणि थकव्यासाठी कोणीतरी दिलेली गोळी, असा क्रम या व्यवसायात सहज पडतो. येथील स्थानिक कुटुंबांची जमीन प्रकल्पांसाठी संपादित झाली. साडेबारा टक्के योजनेतील भूखंडातून काहींच्या हाती एकदम पैसा आला, पण पिढीजात काम मात्र गेले. रिकामा वेळ व हातातील पैसा यांचा संयोग तरुणांना घातक ठरू शकतो. नव्या इमारतींतून शेजारी एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणून मुलांवर पूर्वी गावाची जी नजर असे, ती राहिलेली नाही. करंजाच्या कोळीवाड्यातील होडीवरचे काम, थंडी व पहाटेचा प्रवास हेही मद्यपानाला निमित्त होतात. यांपैकी कोणत्याही समाजाला दोष देण्याचा येथे हेतू नाही. प्रतिबंधाची उपाययोजना नेमकी कोठे करावयाची, हे देशपरीक्षेतूनच कळते, एवढेच सांगावयाचे आहे.

व्यसन आणि गुन्हा यांचा संबंध

व्यसनामुळे गुन्हा घडतो, हे विधान सर्रास केले जाते. परंतु त्याचे पृथक्करण क्वचितच होते. अमेरिकन अभ्यासक पॉल गोल्डस्टीन यांनी १९८५ मध्ये या संबंधाचे तीन मार्ग सांगितले. पहिला मार्ग नशेच्या अमलाखाली होणाऱ्या कृत्यांचा : मारहाण, घरातील हिंसा, बेदरकार वाहन चालविणे. दुसरा मार्ग नशेसाठी पैसा मिळविण्याच्या धडपडीचा : घरातील भांडी विकण्यापासून चोरीपर्यंत. तिसरा मार्ग अवैध व्यापाराशी निगडित हिंसेचा.

या तीन मार्गांची चिकित्सा भिन्न आहे. तिसऱ्यावर पोलिसांचा अधिकार आहे. पहिल्या दोन मार्गांवर मात्र उपचाराने थेट परिणाम होतो, कारण तेथे गुन्ह्याचे मूळ व्याधीत आहे. कायद्यानेही हा भेद काही अंशी मान्य केला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेऊ लागल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढूनही घेता येते. ही तरतूद रुग्णाच्या नातेवाइकांना सहसा ठाऊक नसते. पोलिसांच्या भीतीने ते रुग्णाला लपवितात आणि उपचाराची वेळ टळते. वैद्याने ही माहिती योग्य वेळी दिली, तर एका कुटुंबाची दिशा बदलू शकते.

प्रमाणाचा विचारही आवश्यक आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्यसेवन करतात. भांग-गांजा वर्गातील द्रव्ये २.८ टक्के, तर अफूवर्गीय द्रव्ये २.१ टक्के लोक घेतात. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाला होता. हेरॉइनच्या बातम्या मोठ्या असल्या, तरी आपल्या बाह्यरुग्ण विभागात दारू व तंबाखू हेच प्रथम क्रमांकाचे शत्रू आहेत. उरलेले सदतीस रुग्ण कोणत्या ना कोणत्या वैद्याकडे अम्लपित्त, यकृद्विकार, अनिद्रा किंवा क्लैब्य यांसाठी येऊन जातच असतात. त्यांना व्यसनाविषयी प्रश्न विचारला गेला नाही, हे आपण मान्य केले पाहिजे.

प्रतिबंधाचे अनुभव

प्रतिबंधाचे तीन स्तर मानले जातात : व्यसन लागूच न देणे, लागत असताना ओळखणे आणि लागलेल्यांची हानी कमी करून पुनर्वसन करणे.

पहिल्या स्तराचे बहुचर्चित उदाहरण आइसलँडचे आहे. तेथे १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी मागील महिन्यात मद्यधुंद झालेल्यांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते. २०१६ पर्यंत ते ५ टक्क्यांवर आले. यासाठी केवळ व्याख्याने दिली गेली नाहीत. शाळाशाळांतून नियमित सर्वेक्षण झाले, पालकांनी आपसांत करार केले, मुलांनी रात्री उशिरा बाहेर राहण्यावर मर्यादा आली आणि खेळ-संगीतासाठी अनुदान मिळाले. तो देश लहान व संपन्न आहे, हे खरे. तथापि मुलाचा रिकामा वेळ भरणे आणि पालकांनी एकत्र येणे या दोन गोष्टी द्रोणागिरीतील गृहनिर्माण संस्थेलाही अशक्य नाहीत.

महाराष्ट्रातील अनुभव अधिक उपयुक्त आहेत. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील तंबाखू सेवनाचे प्रमाण २००९-१० मधील ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आलेले दिसते. सर्व श्रेय बंदीला देता येणार नाही आणि गुटखा चोरून विकला जातो हेही आपण पाहतो; परंतु कायदा, कर, इशारे व जागृती यांचा एकत्रित परिणाम होतो, एवढे म्हणता येईल.

दारूबंदीचा अनुभव संमिश्र आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. अवैध दारू व त्यातून वाढलेले गुन्हे ही कारणे शासनाने दिली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि तेथे २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम सुरू झाला. गावांचे संघटन, जागृती, अंमलबजावणी आणि व्यसनींसाठी उपचार ही त्याची अंगे आहेत. केवळ निदानपरिवर्जन पुरेसे नसून त्यासोबत संशोधन, शमन व सत्त्वावजय यांचीही जोड लागते, असाच याचा अर्थ आम्ही घेतो. गावातील महिलांना मतदानाने दारूचे दुकान बंद करण्याचा अधिकार आपल्या राज्यात आहे. ‘आडवी बाटली’ या चिन्हाने तो घरोघरी पोहोचला.

उपचार व पुनर्वसनाच्या स्तरावर पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे नाव घ्यावेच लागेल. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केले. रुग्ण घरी गेल्यावरही पाठपुराव्याच्या सभा व कुटुंबीयांचा सहभाग यांवर तेथे भर दिला जातो. व्यसन हा पुनःपुन्हा उलटणारा व्याधी आहे, हे तत्त्व त्यामागे आहे.

गुन्हेप्रतिबंधात दवाखान्याचा उपयोग कसा होतो, याचे उदाहरण वेल्समधील कार्डिफ शहराने दिले. तेथील शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांच्या ध्यानात आले की, मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्यांपैकी अनेकांची नोंद पोलिसांकडे नसतेच. मग रुग्णालयातील नोंदणी करणाऱ्यांनी मारहाणीचे ठिकाण, वेळ व शस्त्र एवढेच विचारण्यास प्रारंभ केला. रुग्णाचे नाव वगळून ही माहिती पोलीस व नगरपालिकेला दिली गेली. त्यानुसार गस्त व मद्यालयांची देखरेख बदलली आणि तुलनेच्या इतर शहरांपेक्षा तेथे हिंसेने जखमी होऊन दाखल होणाऱ्यांचे प्रमाण घटले.

चिकित्सालयातील कर्तव्ये

१. प्रश्न विचारणे. प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या इतिहासात तंबाखू, मद्य व अन्य द्रव्ये यांची नोंद असावी. मद्याबाबत चार प्रश्न पुरेसे आहेत : पिणे कमी करावे असे कधी वाटले का, कोणी त्यावरून बोलल्यास राग येतो का, पिण्याबद्दल अपराधी वाटते का, सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते का. दोन किंवा अधिक होकार आल्यास सविस्तर परीक्षण करावे. प्रश्न नातेवाइकांसमोर विचारू नयेत आणि स्वर न्यायाधीशाचा नसावा.

२. अल्पकालीन समुपदेशन. पाच-दहा मिनिटांचे, रुग्णाच्या तक्रारीशी जोडलेले बोलणे परिणामकारक ठरते. “तुमचा दाह व उलटी यांचे कारण हे आहे, पंधरा दिवस बंद ठेवून पाहू या,” असे सांगितल्यास रुग्ण ऐकतो. पुढील भेटीची तारीख तेव्हाच द्यावी.

३. पादांशिक क्रमाची मर्यादा. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सात्म्य पादांशाने, टप्प्याटप्प्याने सोडण्यास सांगितले आहे. तंबाखू व चहा यांसारख्या सवयींत हा क्रम उपयुक्त आहे. दीर्घकाळ व अतिमात्रेत मद्य घेणाऱ्यास मात्र घरच्या घरी, देखरेखीविना मद्य सोडावयास सांगणे धोक्याचे आहे. मद्य बंद केल्यावर काही तासांत कंप व स्वेद सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत आक्षेप येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, प्रलाप व ज्वर यांसह प्राणघातक अवस्था उद्भवू शकते. पूर्वी असे आक्षेप आलेला, वृद्ध, यकृद्विकारी किंवा गोंधळलेला रुग्ण तत्काळ रुग्णालयात पाठवावा. ब्राह्मी, अश्वगंधा, शिरोधारा यांचे स्थान त्यानंतरच्या काळात आहे.

४. पुनरावृत्तीचा धोका. मद्य सोडल्यानंतर पुन्हा एकदम अतिमात्रेत घेणाऱ्यास ध्वंसक व विक्षय हे कष्टसाध्य विकार होतात, असे मदात्ययचिकित्सेत सांगितले आहे. अफूवर्गीय द्रव्यांत हा धोका अधिक तीव्र असतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटलेल्या रुग्णाची सहनशक्ती घटलेली असते. जुनी मात्रा त्याला मारक ठरते. अत्यंत संकुचित बाहुल्या, मंद श्वसन व बेशुद्धी ही त्रयी दिसताच रुग्णाला ऑक्सिजन व नॅलोक्झोन मिळेल अशा रुग्णालयात हलवावे. घरातील लोकांना ही लक्षणे आधीच समजावून द्यावीत.

५. विषारी दारू. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. पिण्यानंतर बारा ते चोवीस तासांनी अंधुक दिसणे, उलटी, पोटदुखी व धाप ही लक्षणे एकाच वस्तीतील अनेकांत दिसल्यास ते जनपदोद्ध्वंसाचे चिन्ह समजावे. औषध देत न बसता रुग्णास मोठ्या रुग्णालयात पाठवावे, पोलीस व आरोग्य विभाग यांना कळवावे आणि सोबत प्यालेल्यांचा शोध घ्यावा. येथे एका तासाचा विलंबही दृष्टी किंवा प्राण घेऊ शकतो.

औषधालयातील कर्तव्ये

आता आपल्या घरातील दोष पाहणे प्राप्त आहे. अहिफेन बृहत्त्रयीत नाही. शार्ङ्गधरसंहितेच्या काळापासून ते ग्रंथांत स्थिरावले. अहिफेन, विजया, धत्तूर, वत्सनाभ व विषमुष्टी ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील ई-१ या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आहेत. त्यांनी युक्त अशा पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, असा इशारा इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. इशारा छापला जातो. परंतु आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस वेगळा परवाना लागत नसल्याने देखरेख करणारा कोणी असतोच असे नाही.

याचे परिणाम दिसले आहेत. भैषज्यरत्नावलीतील कामिनी विद्रावण रस हा अहिफेन व हिंगुळयुक्त वाजीकर कल्प आहे. उत्तर भारतात आणि ऑस्ट्रेलियातील भारतीय स्थलांतरितांत या गोळ्यांवर पूर्णपणे अवलंबून झालेल्या रुग्णांचे वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकांत आले आहेत. ऑस्ट्रेलियातील आरोग्ययंत्रणेने जनतेला त्याविषयी इशारा दिला. तेथील चिकित्सकांना अशा रुग्णांवर हेरॉइनच्या व्यसनाप्रमाणेच उपचार करावे लागले. उत्तर व मध्य भारतात भांगयुक्त गोळ्या आयुर्वेदीय औषध म्हणून पानाच्या दुकानांवर विकल्या जातात. बंदरात ज्येष्ठमधाआड हेरॉइन येते, तेव्हा आपण संतापतो. मग आपल्याच फळीवरील डबीविषयी मौन बाळगणे न्याय्य कसे ठरेल?

म्हणून पुढील पथ्ये आम्ही सुचवितो.

अ) ई-१ अनुसूचीतील द्रव्ये असलेले कल्प दर्शनी फळीवर न ठेवता बंद कपाटात ठेवावेत. चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि विक्रीची नोंदवही ठेवावी : दिनांक, कल्प, मात्रा व चिकित्सकाचे नाव.

आ) तोच ग्राहक तीच डबी वारंवार मागत असल्यास नकार देऊन त्याला वैद्याकडे पाठवावे. हा ग्राहक गमावणे नव्हे, रुग्ण मिळविणे होय.

इ) आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. मद्य सोडलेल्या रुग्णाला ती देऊ नयेत. क्वाथ, चूर्ण किंवा वटी हा पर्याय घ्यावा. डायसल्फिरामची गोळी चालू असलेल्या रुग्णात अरिष्टाची सामान्य मात्राही लाली, उलटी, हृदयाची धडधड व रक्तदाबपात घडवू शकते. तेव्हा दशमूलारिष्ट देण्यापूर्वी “दारू सोडण्याची गोळी चालू आहे काय?” हे विचारणे औषधालयचालकाचेही काम आहे. कर्पूरासव, मृतसंजीवनी सुरा यांसारख्या अधिक मद्यांशाच्या कल्पांसाठी नियमांनी बाटलीचा आकार मर्यादित केला आहे. एकाच व्यक्तीस अनेक बाटल्या देऊन त्या बंधनाचा हेतू विफल करू नये.

ई) कच्ची वनौषधी खरेदी करताना परिचित व नोंदणीकृत पुरवठादार, पक्के बिल आणि गट क्रमांक यांचा आग्रह धरावा. बाजारभावापेक्षा फार स्वस्त मिळणाऱ्या आयात मालाविषयी शंका घ्यावी. वर्ण, गंध किंवा स्पर्श अनपेक्षित असल्यास तो माल चाखून पाहू नये. वेगळा ठेवून अन्न व औषध प्रशासनास कळवावे.

उ) आपल्यापैकी जे मिश्र व्यवसाय करतात, त्यांनी झोपेच्या व वेदनाशामक गोळ्या आणि कोडीनयुक्त कफ सिरप यांच्या चिठ्ठ्यांबाबत हेच निकष स्वतःला लावावेत.

शाखास्तरीय कार्यक्रम

एकट्या वैद्याचे प्रयत्न अपुरे पडतात. द्रोणागिरी-उरण परिसरातील सभासदांनी एकत्र येऊन वर्षभराचा लहानसा कार्यक्रम आखावा. ट्रेलरचालकांच्या थांब्यांवर महिन्यातून एक सायंकाळी तपासणी शिबिर घ्यावे. त्यात नेत्र, रक्तदाब व निद्रा यांच्या तपासणीबरोबर व्यसनाचे प्रश्न विचारावेत. शाळांत मादक द्रव्यांची नावे व चित्रे दाखवून कुतूहल वाढवू नये. त्याऐवजी नकार देण्याचा सराव, खेळ व पालकसभा यांवर भर द्यावा. मारहाणीत जखमी होऊन येणाऱ्यांची ठिकाण-वेळ एवढीच नोंद, नावाविना, शाखेने संकलित करावी आणि ती ग्रामपंचायत, सिडको व पोलीस यांच्यासमोर दर तिमाहीस मांडावी. दिवा नसलेला रस्ता किंवा रात्री उशिरापर्यंत चालणारे दुकान यांतून सहज लक्षात येईल. गोपनीयतेचा भंग मात्र कोणत्याही कारणाने होऊ नये. एका रुग्णाचे नाव बाहेर गेले, तर पुढील शंभर रुग्ण खरे बोलणार नाहीत.

प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ व मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हे शासकीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक लावावेत. अमली पदार्थांच्या व्यापाराची माहिती १९३३ या क्रमांकावर नाव न सांगता देता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अमली द्रव्यांशी निगडित विकार मानसिक आजारांत समाविष्ट केले आहेत आणि आयुर्वेदीय संस्थांनाही त्याच्या कक्षेत आणले आहे. म्हणून रुग्ण दाखल करून व्यसनमुक्ती केंद्र चालवू इच्छिणाऱ्या सभासदांनी नोंदणी केल्याशिवाय ते सुरू करू नये. मारझोड किंवा कोंडून ठेवणे ही चिकित्सा नव्हे.

उपसंहार

संजीवनीसाठी नेलेल्या द्रोणागिरीचा तुकडा येथे पडला, अशी या परिसरात श्रद्धा आहे. करंजाच्या डोंगरावर द्रोणागिरी देवीचे स्थान आहे. हनुमंताला वनस्पती ओळखता आली नाही, म्हणून त्याने सारा पर्वत उचलला, असे ती कथा सांगते. ओळखण्याचे काम वैद्याचे होते. आजही ते आपलेच आहे : कांड्यांच्या ढिगात विष कोणते, डबीत औषध किती व नशा किती, आणि समोर बसलेल्या, अम्लपित्ताची तक्रार सांगणाऱ्या माणसात व्यसनी कोण, हे ओळखणे. ओळख वेळीच पटली, तर त्यापुढील चिकित्सा, संदर्भसेवा व कायद्याचे साहाय्य उपलब्ध आहे. वैद्यबंधू-भगिनी व औषधालयचालक यांनी उद्यापासून आपल्या रुग्णपत्रिकेत व्यसनाचा एक रकाना आणि आपल्या दुकानात एक कुलूपबंद कपाट एवढी सुरुवात केली, तरी प्रस्तुत लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही मानू.